डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या चपला

सर, तुमचं तेरावं जेवून आलो. बुंदी जरा कडक होती, वांग्याची भाजी मात्र झकास. तुम्ही असता तर दुसऱ्यांदा वाढून घेतली असती आणि वर मला म्हणाला असता, "माधवा, वाढणाराचा हात बघ. मनगट ढिलं हाय त्याचं. कबड्डीच्या कामाचं न्हाई ते पोरगं." तुमच्या असल्या खोडी आता पंगतीतच आठवायच्या.

जेवणाआधी चार जण बोलले. तुमच्या हाताखाली खेळून पुढे तलाठी झालेला एक जण उभा राहिला आणि म्हणाला, सरांची नजर म्हणजे नजर होती, नुसत्या चपला बघून खेळाडू ओळखायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेराव्याला खरं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून खरं इथे लिहितो, आणि थेट तुम्हालाच लिहितो, कारण आता तुम्हाला मध्येच "गप रे" म्हणता यायचं नाही.

तुमच्या त्या नजरेनं माझं वाटोळं केलं, सर. एकवीस वर्षं मला तुमच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. 'माधव, तू भ्याला नव्हतास.' एवढंच. जमलं असतं तर वारंगा फाट्यावर, माझ्या वेल्डिंगच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत. उलट दर वेळी स्टुलावर बसायच्या आधी हसत विचारायचात, "काय रे भित्र्या, चहा सांगतो का?"

ही विद्या तुम्ही कुठून आणली ते गावाला पाठ होतं. तुमच्या घरी मेंढरं. वडील ओल्या मातीतले खुरांचे ठसे दाखवायचे आणि विचारायचे, यातली लंगडी कोणती? चुकलं की कानाखाली. पुढे तुम्ही शिकलात, आमच्या शाळेत खेळाचे सर झालात, आणि मेंढरांवर शिकलेलं पोरांवर चालू केलंत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाहेरगावचे संघ शाळेच्या वर्गांत उतरायचे. पाचच्या सुमारास पोरं खिचडीला बसली की वर्गाच्या दाराबाहेर चपलांची रांग लागायची. तुम्ही हात मागे बांधून, नळ शोधत असल्यासारखे त्या रांगेवरून चालायचात. सोबत मला न्यायचात, कारण चढाई मला करायची असायची.

"ही बघ, पुढून झिजली. हा घाई करतो, आपसूक पुढं येतो. ही टाचेला झिजली. हा मागं उभा राहून वाट बघतो, याच्यापासून जपून. हिचा अंगठा तुटून खिळा मारलेला हाय, म्हणजे रोज चालत शाळेला येऊन राहिला. पोटऱ्या दगडाच्या असतील. नादी लागू नको."

आणि ते खरं निघायचं, हे कबूल करतो. तालुक्याच्या सामन्यात तुम्ही म्हणालात, मधला गोरा पोरगा पुढं येतो, त्याला येऊ दे आणि त्याच्या अंगावरून निघ. तो आला, मी निघालो. त्या दिवसापासून तुम्ही सांगाल ती पूर्व दिशा. घरी आईनं सांगितलेलं मी कधी एवढं मानलं नाही.

मग आलं हिंगोली. जिल्ह्याचा शेवटचा सामना. जिंकेल तो संघ विभागाला जाणार, तिथून राज्याला, आणि राज्याचं प्रमाणपत्र हातात असलं की पोलीस भरतीचं दार उघडं, असं तुम्ही वर्षभर आमच्या कानीकपाळी ओरडत होता. समोरचा संघ सेनगावकडचा, बहुतेक पोरं तांड्यावरची. पोरं कसली, नांगराचे बैल. नळावर त्यांना हात धुताना बघूनच आमच्या अर्ध्या संघाची भूक गेली. संघातला दत्ता मला हळूच म्हणाला, "आपण काहून आलो बे इथं?" तुम्ही ते ऐकलंत आणि हसलात. म्हणालात, "माणूस केवढा हाय ते बघू नका रे. उभा कसा राहतो ते बघा."

त्यांच्या दारासमोर ती जोडी होती. टायरच्या तळाची, काळी, जाड. डावी बाहेरच्या अंगानं टाचेपाशी अर्धी झिजलेली आणि उजवी जवळजवळ नवी. तुम्ही चक्क उकिडवे बसलात आणि बोट फिरवून पाहिलंत. तेवढ्यात पोरं जेवून बाहेर आली. एका उंच, सावळ्या पोरानं ती जोडी पायात घातली आणि ताट घेऊन नळाकडे गेला. सकाळच्या सामन्यात त्याला आम्ही खेळताना पाहिलं होतं. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा, पाय धरण्यात पटाईत. चढाईला गेलेल्या माणसाला त्याचीच धास्ती.

तुम्ही माझा खांदा असा दाबलात की दोन दिवस दुखला. "उजवा पाय टेकत न्हाई त्याचा. दुखणं हाय, दाबून खेळून राहिला. उद्या डाव्या कोपऱ्यातच घुस. त्याला झेपच घेता येणार न्हाई."

"सर, चालताना तर नीट दिसून राहिला."

"लपवायला शिकवलं असंल त्याच्या सरानं. माणूस लपवतो, चप्पल लपवत न्हाई."

तुमच्यापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी काय झालं ते आपण दोघांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता ते घासून गुळगुळीत झालंय. पहिल्याच चढाईला मी डाव्या कोपऱ्यात घुसलो. ज्या उजव्या पायानं त्याला झेप घेता येणार नव्हती त्याच पायानं त्यानं झेप घेतली आणि माझा घोटा धरला. मी बाहेर बसलो. तुम्ही म्हणालात, "एखाद्या वेळेस जमतं त्याला. पुन्हा तिकडंच जा." पुन्हा गेलो, पुन्हा धरला. आणि शेवटची चढाई. एका गुणानं आम्ही मागे, वेळ संपत आलेली, अख्खं मैदान उभं. मी पुन्हा डावीकडे गेलो आणि त्यानं मला तिसऱ्यांदा धरलं. शिट्टी झाली.

तुम्ही मैदानात आलात. दोन्ही संघ, पंच, बाकीच्या शाळांची पोरं, सगळ्यांसमोर ओरडलात, "भ्यालास तू! पोचायच्या आधीच अंग चोरलंस. म्या बराबर सांगितलं होतं, तू भ्यालास!" मी अजून जमिनीवरच होतो. तोंडात माती होती. तो सावळा पोरगा मला उठवायला हात पुढे करून उभा होता, तो तुमचा आवाज ऐकून मागे सरकला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, सर. तुमचं एक वाक्य झालं, मला ते आयुष्यभर पुरलं. आमची जीप गावात पोचायच्या आधी ते गावात पोचलं होतं. पारावर मला भित्रा म्हणायला लागले. शाळेत म्हणायला लागले. लग्नात मेहुण्यांनी कान पिळताना तेच म्हटलं, बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं. माझ्या बापानं त्या संध्याकाळी एकदाच विचारलं, "भ्यालास का रे?" मी म्हणालो, "न्हाई." त्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही. पण समोरच्या संघातले दोघं पुढे पोलिसात लागले, ते वर्तमानपत्रात आलं, तेव्हा त्यानं तो कागद घडी करून वळचणीला खोचला होता. फेकला का नाही, कुणास ठाऊक.

आणि तुम्हाला नुसत्या शिव्या तरी कशा देऊ? दहावीनंतर मी घरी बसलो तेव्हा मला आयटीआयला घेऊन जाणारे तुम्हीच. अर्जाच्या रांगेत माझ्या जागी तुम्ही उभे होता, मी झाडाखाली रुसून बसलो होतो. बाप गेला तेव्हा तिरडीचा पुढचा खांदा तुम्ही धरला होता. मी जो काही आहे, ट्रॉल्या जोडतो, फाटकं बनवतो, दोन पोरं हाताखाली आहेत, ते तुमच्यामुळे. पोलीस झालो नाही तेही तुमच्यामुळे. एकाच माणसाला हात जोडायचे आणि त्याच माणसावर दात खायचे, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

निवृत्त झाल्यावर तुम्ही कळमनुरीच्या बाजाराला निघालात की आधी फाट्यावर उतरायचात. माझ्याकडे चहा, मग भांडण, मग बाजार. मी म्हणायचो, "सर, तुमचा अंदाज चुकला व्हता. पाय ठणठणीत होता त्याचा." तुम्ही म्हणायचात, "चप्पल म्या माझ्या डोळ्यानं बघितली. बाप दाखव न्हाई तर श्राद्ध कर. पुरावा हाय का तुझ्याजवळ?" पुरावा नव्हता. मी वेल्डिंगची काच तोंडासमोर धरायचो आणि ठिणग्या उडवायचो. तुम्ही हसत पिशवी उचलायचात आणि म्हणायचात, "येतो रे भित्र्या." त्या शब्दात तुमची माया होती, हे मला कळायचं. म्हणून तर तो जास्त लागायचा.

गेल्या पोळ्याच्या आधी एक जण ट्रॉलीचा हुक जोडून घ्यायला आला. उंच, सावळा, आता पोट सुटलेलं. हुक बघता बघता आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "तुमी कबड्डी खेळत होता ना? हिंगोलीला?" रामकिशन त्याचं नाव. डावा कोपरा. मी काच बाजूला ठेवली आणि पहिलंच काय विचारलं असेल?

"उजवा पाय कसा हाय आता?"

"माझा?" तो हसायला लागला. "माझ्या पायाला काय झालंय?"

मी त्याला चपलेचं सांगितलं. तो आठवत राहिला, आणि मग त्यानं मांडीवर हात मारला. "अवो, त्या बापाच्या व्हत्या! ऊसतोडीला गेलता, तिथं बैलगाडीचं चाक गेलं बापाच्या उजव्या पायावरून. पाय टेकायचाच न्हाई. जिल्ह्याला जायचं, आन् माझ्या पायात काहीच न्हाई. बाप म्हणला, माझ्या घालून जा."

सर, मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. कारण त्या दिवशी माझ्या पायात माझ्या बापाच्या चपला होत्या. बाप सामना बघायला आला नाही तो त्यामुळेच. दत्तानं चुलत्याच्या घातल्या होत्या, दुसऱ्या एकानं मोठ्या भावाच्या. गावाबाहेर जायचं म्हणजे घरातली बरी जोडी उचलायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मेंढरांमागे अनवाणी वाढलेले तुम्ही! शहरातला कुणी चुकला असता तर मी समजू शकलो असतो. तुम्ही सात पोरांच्या चपला वाचल्या म्हणून सांगितलंत, आणि वाचलेत त्यांचे बाप, चुलते, भाऊ.

पुरावा हातात आला. मी महिनाभर तुमची वाट बघितली. खोटं कशाला सांगू, चवीनं बघितली. काय बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरवून ठेवलं.

तुम्ही आलात ते वाळलेले. सदरा खांद्यावरून उतरत होता, खोकला थांबत नव्हता. मला दिसत होतं ते सगळं. नजर मीही तुमच्याकडूनच शिकलो होतो. तरीही तुम्ही स्टूल ओढत "काय रे भित्र्या" म्हणालात आणि मी थांबलो नाही. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना मुद्दाम म्हणालो, "बसा, ऐका." सगळं सांगितलं. ऊसतोड, चाक, बाप, चपला.

तुम्ही स्वतःच्या पायातल्या चपलांकडे बघितलंत. मग विचारलंत, "बापाच्या?"

"व्हय. बापाच्या."

"म्याबी बापाच्याच घालून गेलतो रे, माझ्या नोकरीच्या मुलाखतीला." एवढं बोलून तुम्ही पिशवी उचललीत. "बराबर हाय तुझं. लई तकलीफ दिली तुला." चहा आला होता, तो तसाच राहिला. बाजाराला जायच्या ऐवजी तुम्ही रस्ता ओलांडून गावाकडच्या बसला उभे राहिलात.

मी जिंकलो होतो. गिऱ्हाईक म्हणालं, "चांगली जिरवली म्हाताऱ्याची." मी हसलो. ते हसणं मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्यानंतर तुम्ही आला नाहीत. एक बाजार गेला, दुसरा गेला. मी मनात म्हणत राहिलो, येतील. रुसले असतील, माझ्यासारखे झाडाखाली बसले असतील. गाडी घेऊन तुमच्याकडे यायला मला अर्धा तास लागला असता. दोन महिन्यांत मला तो अर्धा तास सापडला नाही. मग दत्ताचा फोन आला.

आज पंगत उठल्यावर काकूंच्या पाया पडायला आत गेलो. त्या म्हणाल्या, "माधवा, तुझंच नाव घेऊन राहिले होते रे शेवटी. फाट्यावरून आले त्या दिवसापासून जेवण तुटलं. रोज काठी घेऊन पारावर जायचे. म्या म्हणायची, खोकला हाय, नका जाऊ. ऐकायचे न्हाईत."

पारावर कशाला जायचे ते मला बाहेर कळलं. तुम्ही एकेकाला गाठून सांगत होता. ज्यांनी ज्यांनी मला भित्रा म्हटलं होतं, त्या प्रत्येकाला. दत्ताला घरी जाऊन सांगितलंत. सरपंचाला सांगितलंत. दूध घालायला येणाऱ्याला सांगितलंत, ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. "ते पोरगं भ्यालं न्हवतं. चूक माझी होती. म्या चुकीचं सांगितलं, त्यानं मुकाट्यानं ऐकलं." दम लागायचा, बसायचात, पुन्हा उठायचात. आज ती माणसं एकामागून एक माझ्याजवळ आली. हात हातात घेऊन म्हणाली, "माधवराव, सर सांगून गेले. उगंच बोललो आमी तुमाला." एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते आज दहा जणांच्या तोंडून ऐकलं, आणि ऐकताना पळून जावंसं वाटत होतं.

का, ते सांगतो. हे बापाला सांगितलं नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं.

पहिल्या दोन चढाया तुमच्या होत्या. तिसऱ्या वेळी मी मध्यरेषेवर उभा राहिलो तेव्हा मला सगळं दिसत होतं. दोनदा धरला गेल्यावर त्या पोराचा पाय चांगला आहे हे कळायला चपला कशाला लागतात? आणि मी दोनदा डावीकडे गेलो म्हणून त्यांचे मधले दोघंही डावीकडे सरकून उभे होते. उजवीकडचा एकटा होता, दमलेला, हात गुडघ्यांवर. तुम्हीच शिकवलं होतं, माणूस उभा कसा राहतो ते बघ. मी बघितलं. उजवीकडे गेलो असतो तर त्याला शिवून परत यायला मला दोन पावलं लागली असती.

पण समजा तिथेही धरला गेलो असतो, तर? मग ते माझं ठरवणं झालं असतं. सरांचं मोडून स्वतःच्या मनानं गेला आणि बुडवलं, असं झालं असतं. बाहेरून तुम्ही ओरडत होता, "डावीकडं! डावीकडं!" डावीकडे जाऊन हरलो तर हरणं तुमचं होतं. मी एक क्षण उजवीकडे बघितलं आणि डावीकडे गेलो. तुम्हाला अंग चोरताना दिसलो तो तेव्हाच.

एकवीस वर्षं तुम्ही माझ्याबद्दल खरं बोलत होता, सर. खोटं बोललात ते शेवटचे दोन महिने, आणि ते माझ्या सांगण्यावरून, काठी टेकत, दारोदार.